आत्या येईपर्यंत बाळी

मेहकर, ता. भालकी
१६ फेब्रुवारी २०२५

अनिल,

वरती आशीर्वाद लिहायचा असतो. मी जागा सोडलीय. तुझं तू भर.

मी फोन उचलंना म्हणून तू तुझ्या दाजींच्या फोनवर फोन करायलास, तेबी बंद कर. मैलारला जाऊन मल्लण्णाचा भंडारा उचलून शपथ घेतलीय मी. मंजूच्या लेकराचं नाव ठेवल्याबिगर अनिलशी तोंडानं बोलणार न्हाई, असं म्हणलंय. हातानं लिहिणार न्हाई असं म्हणलं नव्हतं. तेवढी वाट राहिली म्हणून लिहायलेय. माझं मराठी सातवीपर्यंतचं हाय, चुका काढत बसू नकोस. त्या कॉलेजातल्या पोरांच्या काढ.

तू आजा झालास. माझ्या मंजूला लेक झाली. गव्हाळ हाय, केस भरपूर, आन कपाळ जावयाचं, धनराजचं. अगदी तेच, जरा पुढं आलेलं. ज्याला डोळे हायत त्याला दिसंल. पण आळंदहून, तिच्या सासरहून, बघायलाच कोणी आलं न्हाई, तर दिसणार कोणाला?

बारावा दिवस आला आन गेला. पाळणा बांधला होता. घुगऱ्या शिजवल्या होत्या. वरवंट्याला टोपडं घालून नटवलं होतं. गल्लीतल्या बाया येऊन बसल्या, चहा प्याल्या, बाहेर बघत राहिल्या. मंजूची नणंद शैलश्री आली न्हाई. तुझे दाजी भालकीच्या स्टँडवर जाऊन आळंदकडून आलेली बस बघून आले, मग पुन्हा गेले. शेवटी मीच म्हणले, घुगऱ्या वाटून टाका, नासतील.

तुला सांगायला नको, पण सांगते, कारण तुला काय ठाऊक असतंय आन काय विसरतोस तेच मला आता कळंना. नाव आत्या ठेवती. लेकराच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचं ते बापाच्या बहिणीनं. शैलश्री धनराजची एकुलती बहीण. ती न्हाई तर नाव न्हाई. तुझे दाजी म्हणाले, गल्लीतली एखादी मानलेली आत्या बसवू. मी बोलायच्या आधीच मंजू आतून म्हणली, दुसरीनं नाव ठेवलं तर लोक म्हणतील बापच दुसरा हाय. आता आम्ही सगळी लेकराला बाळी म्हणायलोय. बाळी रडायलीय, बाळी दूध प्याली. नाव असलेल्या घरात बिननावाचं लेकरू हाय.

आन हे कशामुळं झालं ते तुला माझ्या तोंडून ऐकायचं असंल तर ऐक. तुझ्या गोष्टीमुळं झालं.

डोहाळजेवणाला तू आळंदला गेलास, मंजूच्या ओटीत नारळ, खण आन वर तुझी गोष्ट छापलेला दिवाळी अंक घातलास. सही केलीस, व्याह्यांना सप्रेम भेट म्हणून. तुझी छाती केवढी फुगली होती, मी बघत होते. मलाबी बरं वाटलं होतं, खोटं कामून बोलू. त्या घरात बोलतात मराठी, वाचतात कानडी. तुझा अंक कपाटात पडून राहिला, बिचारा. मग संक्रांतीला उमरग्याचा कोणी पाहुणा आला, जेवण झाल्यावर वाचत बसला, आन मोठ्यानं हसून म्हणला, अहो, ही तर तुमची सून!

गोष्टीतल्या बाईचं नाव मंजुश्री. गाव आळंद. सासरी तुरीचा व्यापार. नवरा दिवसभर अडतीच्या दुकानात. आन ती बया जमिनीच्या मोजणीला आलेल्या राजशेखर नावाच्या माणसाच्या नादी लागती, त्याच्यापासून तिला दिवस जातात, सासरचे तिला लेकरासकट बाहेर काढतात, नणंद दार लावून घेती. वा रे मामा! अरे, कादंबरी लिही, पुराण लिही, पण माझी लेक तुला कागद म्हणून सापडली का?

त्या दिवसापासून धनराज मंजूशी बोललेला न्हाई. बाळंतपणाला आणायला गेले तर तिची पिशवी दारात ठेवलेली होती.

एक काम सांगते. आळंदला जा. मंजूची सासू राजूबाई, तिच्यासमोर उभा राहा आन सांग की मी खोटं लिहिलं. शैलश्रीला हात जोडून बोलाव. गोष्ट लिहायला तुला कोणी सोबत लागली न्हाई, हे करायलाबी लागणार न्हाई.

अक्का


मेहकर
२ मार्च

अनिल,

तुझं पत्र आलं. तिरप्या अक्षरात चांगलं लिहितोस तू. मी वाचलं, मग तुझ्या दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं तरी आळंदला जातो असं कुठं लिहिलेलं सापडलं न्हाई.

तू लिहितोस, सगळं काल्पनिक हाय. लिहितोस, गेल्या गुढीपाडव्याच्या आधीच लिहून झालं होतं, तेव्हा मंजूला दिवसबी गेले नव्हते, मग संबंध कसा? हेच मी धनराजला सांगितलं तर तो काय म्हणला सांगू? म्हणला, मामाला इतकं आधी कसं ठाऊक होतं? आता बोल.

लिहितोस, पुस्तक निघंल तेव्हा नाव बदलीन. कशाला? आता ते नाव दुसऱ्या कोणाच्या लेकीचं घालणार? लिहितोस, लेखकाला परकं नाव घेऊन बाई उभी करता येत न्हाई, जवळचं नाव लागतं. मग तुझ्या बायकोचं घ्यायचं. ती घरातच हाय, तिच्याहून जवळचं कोण?

आन ते वाक्य. "अक्का, मंजुश्री हे नाव मीच ठेवलंय, त्यामुळं ते माझंच वाटतं." हे वाचून मी पत्र पालथं घातलं. थांब, आता मी सांगते ते नाव कसं ठेवलं ते.

तू तेव्हा उदगीरला शिकत होतास. सुट्टीला इथं आलास, बाजेवर उताणा पडलास आन आम्ही सांगू त्या नावाला नाक मुरडलंस. मला आईचं नाव ठेवायचं होतं, म्हाळसा. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, तिचं नाव घरात पुन्हा ऐकू यावं एवढीच माझी इच्छा. तू म्हणलास, अक्का, म्हाळसा नाव घेऊन पोरगी कॉलेजात गेली तर पोरं हसतील. मी ऐकलं. तू घरातला पहिला शिकलेला, तुझं सगळं मला खरं वाटायचं. मंजुश्री तू सुचवलंस, व्हय. पण लेकराच्या कानात कोणी सांगितलं? तुझ्या दाजींच्या बहिणीनं, सुमनबाईनं. धपाटे तिनं खाल्ले पाठीत. झबलं तिनं आणलं. तू त्या वेळी घुगऱ्या खात होतास. सुचवणाऱ्याचं नाव नसतंय अनिल. ज्याला हाक मारली की वळून बघतो, त्याचं असतंय.

आन आता मंजू वळून बघंना झालीय. परवा अंगणातून हाक मारली, मंजू, बाळीचे कपडे वाळले बग. बसली तशीच. पुन्हा मारली तर म्हणली, कोणती मंजू? पुस्तकातली का घरातली? हसली नव्हती. माझ्याशीबी ती धड बोलत न्हाई सध्या. कामून ते विचारू नकोस.

धनराज येऊन गेला. तुझे दाजी मळ्यात होते. मोटारसायकल रस्त्यावरच लावली, आत आला, खाटेच्या कडेला बसला, पाणीबी घेतलं न्हाई. बाळी जागी होती. तिनं त्याचं बोट धरलं. एवढीशी मूठ, पण धरती घट्ट. त्यानं एक एक करून तिची बोटं सोडवली, हल्लू सोडवली, तेवढं खरं. मग मला विचारलं, राजशेखर कोण?

मी म्हणले, पुस्तकातला.

तो म्हणला, आळंदला हाय एक.

मला हसावं का रडावं कळंना. अरे, आपल्या मुलखात राजशेखर कुठं न्हाई? दगड भिरकावला तर राजशेखरला लागंल. तुला साधं वाटलं म्हणून घेतलंस ना ते नाव? आळंदच्या स्टँडजवळ एक राजशेखर मोबाईल दुरुस्त करतो. मंजूच्या फोनची काच फुटली होती तेव्हा त्यानं बसवून दिली होती, धनराजच तिला गाडीवर घेऊन गेला होता. आता लोक त्या गरिबाच्या दुकानात डोकावून बघतात, पोरं शिट्ट्या मारतात. मोजणी केली का रे, म्हणून विचारतात. तो दुकान बंद करून बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलाय. गेला म्हणल्यावर लोकांना खात्रीच झाली. तुला त्याचं तोंड ठाऊक न्हाई, त्याला तुझं न्हाई. एक नाव उचलून तू कागदावर ठेवलंस आन तिकडं एका माणसाचं दुकान बंद पडलं.

पत्रासोबत तू नावं पाठवलीस. छान छान नावं, अर्थासकट. ती मी चुलीत घातली. प्रतीक्षा म्हणे! लेकरू आधीच वाट बघत पडलंय, वर नावबी तेच ठेवू व्हय? तुला अजून कळंना का, नाव कोणतं हा प्रश्नच न्हाई. दगडू ठेवलं तरी चालंल. कोण ठेवतंय हा प्रश्न हाय. शैलश्री आली, पाळण्यापाशी वाकली, की त्या घरानं लेकरू आपलं म्हणलं. ती न्हाई आली तर ही पोरगी मोठी होईस्तोवर लोक हिच्या कपाळाकडं बघून हिशेब करत बसतील.

अक्का


मेहकर
९ मार्च

अनिल,

जातो म्हणून कळवलंस. बरं झालं. तुझे दाजी हुमनाबादला तुला भेटतील, दोघं मिळून जा.

तिथं एवढंच बोल: मी खोटं लिहिलं, माझं चुकलं, शैलश्रीला पाठवा. याच्या पुढं एक शब्द नको. तुला पुढचा शब्द सुचतो, तीच तर खोड हाय.

अक्का


मेहकर
२० मार्च

अनिल,

तुझ्या पत्रात आळंदची भेट "एकंदरीत सौहार्दाची" झाली असं लिहिलंयस. सौहार्द म्हणजे काय ते मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, मला ठाऊक न्हाई, पण तिथं जे झालं ते हे नसावं.

तुझे दाजी कमी बोलतात, पण त्यांना दिसतं सगळं. त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही ओसरीवर बसलात. राजूबाई खांबाला टेकून बसली, धनराज उभाच. तू सुरुवात चांगली केलीस. खोटं लिहिलं म्हणलास. चुकलंबी म्हणलास. तिथं थांबायचं होतं रे राजा! तर तू घसा खाकरलास आन साहित्य म्हणजे काय ते सांगायला लागलास. म्हणलास, ती मंजुश्री म्हणजे एक प्रवृत्ती हाय. दाजी म्हणाले, प्रवृत्ती म्हणल्याबरोबर राजूबाईनं पदर ओढून घेतला. तिला वाटलं रोग हाय काहीतरी.

मग तिनं विचारलं, सगळं खोटं होतं तर नाव कामून खरं घातलं?

आन तू म्हणलास, नाव मीच ठेवलेलं हाय.

तिथंबी तेच! राजूबाई म्हणली, सून आमची, नांदती आमच्याकडं, मग नाव तुमचं कसं? मला त्या बाईचा राग हाय, पण इथं ती बरोबर होती. मी असते तर तिच्या बाजूला जाऊन बसले असते.

मग धनराज बोलला. तपासणी करून आणा म्हणला. हैदराबादला होती, रक्ताची, बाप कोण ते कळतं. कागद आणा, मग शैलश्री येईल. हे तू पत्रात लिहिलं न्हाईस. "काही व्यावहारिक मुद्दे निघाले" असं लिहिलंस. तुझ्यासारखा झाकणारा बघितला न्हाई. लपवायचं ते छापतोस आन सांगायचं ते लपवतोस.

दाजींनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मंजू बाळीला न्हाऊ घालायलीती, पायावर घेऊन. तिचा हात थांबला न्हाई. तांब्यानं पाणी घालत राहिली. मग म्हणली, करते तपासणी. कागद आणते. तो कागद त्याच्या हातात दिला की मी परत यायची इथं. ज्याला कागद लागतो त्याच्या घरात मला नांदायचं न्हाई.

अनिल, ही माझी लेक. लग्नाच्या आधी दुकानात एकटी जायला लाजायची. तिच्या तोंडून हे ऐकून मला भीती वाटली आन अभिमानबी वाटला, दोन्ही एकदम. जेवण गेलं न्हाई दिवसभर.

एक गोष्ट दाजींनी बघितली, तू बघितली न्हाईस. तू प्रवृत्ती प्रवृत्ती करत होतास तेव्हा शैलश्री पाणी घेऊन आली. तांब्या ठेवून आत गेली. आतलं कपाट उघडलं, तुझा अंक काढला आन पदराखाली धरून माडीवर गेली. त्या घरात मराठी वाचता येतं ते तिलाच. मावशीकडं उमरग्याला शिकली ना ती. आतापर्यंत तिनं वाचला नव्हता, दुसऱ्यांनी सांगितलेलंच ऐकून होती.

वाचून काय करंल देव जाणे. अजून चिडंल. तुझी गोष्ट वाचून कोणाचं भलं झालेलं मी तरी बघितलं न्हाई.

आता तू कुठं जाऊ नकोस. लातूरला घरी बस गप.

अक्का


मेहकर
३ एप्रिल

अनिल,

अनेक आशीर्वाद. या वेळी लिहिलाय.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात शेंगा वाळत घालायलेते. रस्त्यावर जीप थांबली. एक बाई उतरली, काखेत पिशवी, उन्हानं तोंड लाल झालेलं. मी डोळ्यांवर हात धरून बघायलेय, कोणाकडं पाहुणी आली म्हणून. ती सरळ माझ्या पुढ्यात आली आन म्हणली, वाळवण मग करा, आधी पाणी द्या.

शैलश्री. एकटी. आईला न सांगता, धनराजला न सांगता.

माझ्या हातातलं सूप पडलं. शेंगा सगळ्या मातीत. पाणी आणायला गेले तर तांब्या सापडंना, समोरच होता.

ती आत आली, मंजूच्या समोर बसली. बाळीकडं बघितलं न्हाई आधी. पिशवीतून तुझा अंक काढून मंजूच्या पुढ्यात ठेवला. मला वाटलं, झालं, भांडायला आलीय. मंजूनं बाळीला पदराखाली ओढलं.

शैलश्री म्हणली, हे सगळं वाचलं मी. तुझं नाव घातलंय यात. पण तू कुठंच न्हाईस. ही बाई बसून कविता म्हणती. तू कधी म्हणलीस का कविता? भाकरी करता करता तुला झोप येती.

मंजूनं पदर जरा सैल केला.

मग शैलश्री म्हणली, माझं नाव यात न्हाई. सगळ्या गोष्टीत नुसती नणंद. नवऱ्याचं घर सोडून आलेली नणंद. नाव ठेवायचीबी गरज वाटली न्हाई तुझ्या मामाला. पण शेवटी ती नणंद दार लावती, कडी घालती, आन घातलेली कडी पुन्हा हलवून बघती. तुझ्या लग्नात बघितलं असंल मला त्यानं. कडी माझीच हाय.

अनिल, ती रोज तसं करती म्हणे. नवऱ्याच्या घरून रात्रीची निघून आलेली बाई, तिला कडी लागली का न्हाई याची भीती वाटती. तू ते कुठंतरी उभं राहून बघितलंस आन उचललंस. तिचं दुःख विचारलं न्हाईस, कडी तेवढी घेतलीस.

ती म्हणली, कडी माझी हाय, पण दार लावणारी मी न्हाई. इतके दिवस मी आईच्या मागं उभी राहिले आन तेच करायलेते. माडीवर बसून वाचलं तेव्हा ध्यानात आलं. मला ती बाई व्हायचं न्हाई. म्हणून आले. उठा, पाळणा कुठं हाय?

यात तुझी शाबासकी मानून घेऊ नकोस. ती आली ती तिच्या मनानं. तुझ्या गोष्टीत तर तिनं दारच लावलं होतं.

मग तिनं मंजूला विचारलं, तुला कोणीच सरळ विचारलं न्हाई का ग, खरं काय ते? मंजू म्हणली, एकीनं विचारलं. आईनं. राजशेखर कोण म्हणून.

मी तिथंच उभी होते. हे तुला सांगणार नव्हते. मंजू पुढं म्हणली, तिनं विचारलं तेवढं बरं, बाकीच्यांनी विचारायच्या आधीच ठरवलं. पण माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं. एकदाच विचारलं होतं मी अनिल, तेबी दबक्या आवाजात. तुझ्या अक्षरावर इतका विश्वास हाय मला लहानपणापासून, की माझ्या लेकीवरचा एका क्षणापुरता कमी पडला. तुझ्यावरचा राग मी का सोडत न्हाई ते आता तुला कळलं असंल. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच हाय.

असो. बाया बोलावल्या. पाळणा तसाच बांधलेला होता, मी सोडू दिला नव्हता. घुगऱ्यांना हरभरे भिजवायला वेळ नव्हता, शेंगाच भाजल्या, मातीतल्या, निवडून. वरवंट्याला टोपडं घातलं. शैलश्रीनं झबलं आणलं होतं, पिवळं, स्वतः शिवलेलं, एक बाही जरा लांब. बाळीला घातलं. पाळण्यात ठेवलं. ती वाकली, कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आन नाव सांगितलं.

आता बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. पण कोणाचा हात उठंना. सगळ्यांना ठाऊक ना काय काय झालंय ते, तिला मारावं का न्हाई, सगळ्या एकमेकींकडं बघायल्या. शैलश्री तशीच वाकून राहिलेली. तेव्हा मंजू उठली आन तिनं एक असा दणका दिला तिच्या पाठीत, की बाहेर तुझे दाजी उभे राहिले. शैलश्री आई ग म्हणली, हसली, मग रडायला लागली. मंजूबी. मग सगळ्याच बायांनी हात धुऊन घेतले.

तुझे दाजी आत आले, पाळण्यात वाकून बाळीला तिच्या नावानं हाक मारली. पहिली हाक त्यांची. मग टोपी काढून तोंड पुसत मळ्याकडं निघून गेले.

सांजच्याला शैलश्रीनं धनराजला फोन लावला. म्हणली, नाव ठेवलं मी. मग त्यानं विचारलं, काय ठेवलंस? तिनं सांगितलं. त्यानं ते एकदा म्हणून बघितलं. म्हणला, चांगलं हाय. आन फोन ठेवला. येतो म्हणला न्हाई, घेऊन ये म्हणला न्हाई. तपासणीचंबी काही बोलला न्हाई. मी मंजूला म्हणले, दोन दिवसांत येईल बग. ती म्हणली, यायचं असंल तर येईल, मी सामान भरून बसणार न्हाई. शैलश्री अजून इथंच हाय. परत गेल्यावर तिचं काय होईल याची मला काळजी लागलीय, पण ती म्हणती, नवऱ्याच्या घरून निघून आले तेव्हापेक्षा वाईट काय होणार. रात्री झोपायच्या आधी आमच्या दाराची कडी ती पुन्हा हलवून बघती. मंजू तिच्याकडं बघून हसती.

आता नाव. तू वाचत वाचत इथंपर्यंत आलास ते त्यासाठीच आलास, मला ठाऊक हाय. नाव सुरेख हाय. लहान हाय, हाक मारायला सोपं, आन तू पाठवलेल्या नावांत नव्हतं. एवढंच सांगते. काल पत्र लिहायला बसले तर मंजू म्हणली, मामाला नाव कळवू नकोस. मी म्हणले, अग, मामा हाय तो तुझा. म्हणली, म्हणूनच.

तुझ्या दाजींना सांगितलंय, शैलश्रीला सांगितलंय, गल्लीतल्या बायांनाबी सांगून ठेवलंय. तू कोणाला फोन करून विचारू नकोस, कोणी सांगणार न्हाई.

माझा भंडारा फिटला. आता तोंडानं बोलायला मोकळी हाय मी. सुट्टी लागली की ये. तुला राग आला तरी ये. आमरस करते, तुला आवडतो तसा, वेलदोडा न घातलेला. लेकरू मांडीवर घे, आजा हायस तू तिचा, तो हक्क कोणी काढून घेतलेला न्हाई. ती तुझंबी बोट धरंल, सोडवायला जाऊ नकोस.

फक्त तू आलास की आम्ही सगळी तिला बाळीच म्हणू.

तुझी अक्का
तुळजा